आम्लधर्मी तणनाशकांचे पृथक्करण : प्रश्न प्रवाहाच्या दिशेचा

गहू, ऊस, मका आदी पिकांतील रुंद पानांच्या तणांच्या नियंत्रणासाठी २,४-डी हे तणनाशक वापरले जाते. त्याचा अल्प अंश वाऱ्याबरोबर शेजारच्या कापूस किंवा द्राक्ष पिकावर गेला, तरी पाने आक्रसून विकृत होतात. नुकसानीचे कारण निश्चित करायचे, तर अवशेष नेमके ओळखावे लागतात. एमसीपीए व डायक्लोरप्रॉप ही याच कुळातील तणनाशके रचनेने २,४-डीशी जवळची असल्याने त्यांचे आधी पृथक्करण आवश्यक ठरते.

यासाठीचा एक पर्याय म्हणजे कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी. अशा पृथक्करणाचे प्रात्यक्षिक जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत सामान्यतः ५० ते १०० मायक्रोमीटर आंतरव्यासाच्या केशनलिकेत सिलिकाचे सूक्ष्म कण भरतात आणि पंपाऐवजी उच्च विद्युतदाबाने द्रव पुढे नेतात. सिलिकाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. त्यालगतचे धनभारित आयन ऋणाग्राकडे सरकताना सारा द्रव सोबत ओढतात. हा प्रवाह नलिकेच्या मध्यभागी व कडेला जवळजवळ समान वेगाने वाहतो. त्यामुळे घटकांचे पट्टे अरुंद राहतात आणि पृथक्करण सुस्पष्ट होते.

आम्लांच्या बाबतीत मात्र अडचण उद्भवते. उदासीन द्रावणात २,४-डी ऋणभारित होते व प्रवाहाविरुद्ध धनाग्राकडे ओढले जाते. परिणामी ते शोधकापर्यंत उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. सामू २ च्या आसपास आणल्यास बहुतांश रेणू भाररहित होतात. परंतु त्याच सामूला सिलिकाचा भारही घटतो आणि प्रवाह मंदावतो.

यातून दोन मार्ग निघतात. पहिल्यात कणांवर सल्फोनिक आम्लगट जोडतात. हे गट कमी सामूलाही ऋणभारित राहत असल्याने प्रवाह टिकतो. दुसऱ्यात कणांवर धनभारित अमोनियम गट बसवून विद्युताग्रांची अदलाबदल करतात. प्रवाह उलटतो आणि आम्ले त्याच्याच दिशेने जातात. मात्र धनभारित कण आम्लांना धरूनही ठेवतात, म्हणून बफरमधील क्षारांचे प्रमाण काळजीपूर्वक ठरवावे लागते.

या पद्धतीत द्रावक अत्यल्प लागतो, ही जमेची बाजू. तथापि नलिका अरुंद असल्याने प्रकाशाधारित शोधकाची संवेदनक्षमता मर्यादित राहते आणि बुडबुडे निर्माण झाल्यास विद्युतप्रवाह खंडित होतो. अवशेष अत्यल्प असल्यास नमुना आधी संहत करावा लागतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत उच्च कार्यक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीचे स्थान अबाधित आहे. जवळच्या रचनेची आम्ले अल्प नमुन्यातून वेगळी करायची असतील, तेथे ही पद्धत उपयुक्त पूरक ठरू शकते.