आधी प्रश्न तपासा, मग हाड

इरावती कर्वे म्हटलं की मराठी वाचकाला महाभारतावरचं ‘युगान्त’ आठवतं, ‘भोवरा’ आठवतं. त्यांची डॉक्टरेट मात्र महाभारतावर नव्हती. ती मानवी कवट्यांवर होती. १९२७ मध्ये बर्लिनच्या दालेम भागात मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, कारण बुद्धीशी जोडला जाणारा मेंदूचा पुढचा उजवा भाग त्याच्यात मोठा असतो, असा त्यांचा कयास होता. पुण्याहून आलेली ही विद्यार्थिनी त्यांच्या हाताखाली याच विषयावर काम करू लागली. तिने १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. निष्कर्ष निघाला तो असा: कवटी थोडीफार वाकडी असते, पण ती सगळ्यांचीच, त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध नाही.

मार्गदर्शकाचं गृहीतक त्याच्याच संस्थेत, त्याच्याच संग्रहातल्या कवट्या मोजून तिने खोडून काढलं. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देऊ लागली, हे लक्षात घेतलं की या प्रबंधाचं मोल कळतं. जैविक मानवशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तरही त्यात आहे. मोजपट्टी आणि कॅलिपर हातात धरायला कुणालाही शिकवता येतं. आपण काय मोजतो आहोत, कुणाच्या सांगण्यावरून आणि त्या आकड्याचा अर्थ खरंच तोच होतो का, हे विचारायची सवय लागायला मात्र वर्षं जातात.

एक विषय, अनेक दारं

माणूस हा प्राणी म्हणून कसा घडला आणि आजही कसा घडतो आहे, हा या शास्त्राचा विषय. त्यात शिरायची दारं अनेक. कुणी जीवाश्मांमधून मानवाची उत्क्रांती अभ्यासतो, कुणी वानरांच्या मागे रान तुडवतो. कुणी उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांवरून जुन्या समाजांचं आरोग्य वाचतो, कुणी जनुकं तपासतो. न्यायवैद्यक शाखेतला माणूस बेवारस अवशेषांची ओळख पटवतो.

जिवंत माणसांच्या शरीराचा अभ्यासही यातच येतो. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांची डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं २.७ किलोचं. हाडापेराने आणि स्नायूंनी ते लहान होतं, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे होणाऱ्या मधुमेहाचा विचार गर्भापासून करायला हवा, हे यातून ठळक झालं. हे काम डॉक्टरांचं, पण कॅलिपरने त्वचेची घडी मोजण्याची त्यांची पद्धत मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकावी लागते.

या शाखेचं जुनं नाव ‘शारीरिक मानवशास्त्र’. भारतातल्या अनेक अभ्यासक्रमांत ते अजून चालतं. १९५१ मध्ये शेरवुड वॉशबर्न या अमेरिकी अभ्यासकाने ‘नवं शारीरिक मानवशास्त्र’ अशी हाक दिली. माणसांचे नमुने खणात भरणं थांबवा आणि बदल कसा घडतो ते शोधा, असा तिचा रोख होता. खणात भरण्याची ती खोड भारतानेही भोगली आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती.

हाडांचा वर्ग

अभ्यासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी अस्थिशास्त्राने होते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं. ती पाठ करणं सोपं. परीक्षेत मात्र अखंड हाड मिळत नाही. टेबलावर बोटाच्या पेराएवढा तुकडा असतो आणि मिनिटाभरात सांगायचं असतं: हाड कोणतं, डावं की उजवं, माणसाचं की जनावराचं? पुढच्या टप्प्यात वय आणि लिंग. लिंगासाठी कटिरातल्या खाचेचा आणि कमानीचा कोन पाहतात. वयासाठी लहानपणी दात उपयोगी पडतात. पुढे हाडांची टोकं जुळण्याचा क्रम कामाला येतो. कॉलरबोनचं छातीकडचं टोक सर्वांत शेवटी, विशीच्या अखेरीस जुळतं. त्यानंतर अंदाज सैल होत जातो. पन्नाशीपुढच्या सांगाड्याचं नेमकं वय सांगणाऱ्यावर जाणता परीक्षक विश्वास ठेवत नाही.

उंचीचंही तेच. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढण्याची ट्रॉटर आणि ग्लेसर यांची १९५२ ची सूत्रं जगभर वापरली गेली. ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या हाडांवर बेतलेली आहेत. धड आणि पाय यांचं प्रमाण लोकसमूहागणिक बदलतं. सूत्र मुकाट्याने उचलून सातारच्या शेतकऱ्याला लावलं, तर उत्तर दशांश चिन्हासकट येईल आणि तरीही चुकेल.

या वर्गात आणखी एक प्रश्न टेबलावर असतो: हे हाड आलं कुठून? अमेरिका आणि युरोपमधल्या अनेक विद्यापीठांतले शिकवण्याचे सांगाडे भारतातून गेलेले आहेत. कोलकाता हे या व्यापाराचं केंद्र होतं आणि १९८५ मध्ये भारत सरकारने निर्यातीवर बंदी घालेपर्यंत तो चालू होता. ज्यांचे ते सांगाडे, त्या गरीब माणसांची संमती कुणी घेतली नव्हती. आज परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलीच्या हातात पहिल्या दिवशी आपल्याच देशातल्या कुणाची तरी बरगडी येऊ शकते. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष परत करण्याचा कायदा १९९० मध्ये झाला. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून हटवले. तिथे असलेल्या नागा पूर्वजांच्या अवशेषांना घरी आणण्याची बोलणी सुरू आहेत. त्यामुळे संमती आणि मालकी हे विषय आता संशोधनाच्या आराखड्यातच मांडावे लागतात.

इनामगावची मुलं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात दोनशेहून अधिक दफनं सापडली. त्यांत मुलांची संख्या मोठी. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत तान्हं मूल. प्रौढांना पुरताना बहुधा घोट्याखालचे पाय तोडलेले. या सांगाड्यांचा सविस्तर अहवाल जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला.

दाताचं एनॅमल एकदा तयार झालं की आयुष्यभर बदलत नाही. ते घडत असताना मूल उपाशी राहिलं किंवा आजारी पडलं तर त्यावर खाच किंवा रेघ उमटते. म्हणजे ज्या गावातल्या दातांवर रेघा जास्त, ते गाव जास्त हालात, असा सरळ हिशोब मांडावासा वाटतो. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी या सरळपणालाच हरकत घेतली. रेघ उमटायला मूल त्या संकटातून जगावं लागतं. जे झटक्यात गेलं त्याच्या दातावर काहीच उमटत नाही. त्यामुळे स्वच्छ दात हे सुदृढ बालपणाचं लक्षण असू शकतं, तसंच पहिल्याच तापात गेलेल्या मुलाचंही. शिवाय स्मशानात आपल्याला भेटतात ते त्या वयाला मेलेले. त्याच वयाची जगली-वाचलेली मुलं आपल्यासमोर नसतात. ‘अस्थिशास्त्रातला विरोधाभास’ या नावाने ओळखला जाणारा हा लेख आज जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात वाचून घेतात. तो पचला की विद्यार्थ्याचं लिहिणं बदलतं, वाक्यांत ‘कदाचित’ योग्य जागी येऊ लागतं.

इनामगाव आणि आसपासची गावं का ओस पडली? पाऊस कमी झाला, हे उत्तर बराच काळ चाललं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांची वाढ, जन्म-मृत्यूचं प्रमाण आणि हवामानाचे नवे पुरावे एकत्र मांडून २०११ च्या पुस्तकात या सोप्या कारणाला आव्हान दिलं. हवामान एकटं गावं उठवत नाही. माणसं काय पिकवतात, किती मुलं जन्मतात, किती जगतात, हे सगळं त्यात गुंतलेलं असतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

अबूची वानरं

हाडं नको असतील त्यांना रान आहे. १९७१ मध्ये हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी माउंट अबूला आली. विषय होता आपली नेहमीची काळतोंडी वानरं. त्यांच्यातले नर पिल्लांना मारतात, हे त्याआधी धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने नोंदवलं होतं. गर्दीमुळे वानरांचं डोकं फिरत असावं, ही हर्डींची सुरुवातीची धारणा.

ती टिकली नाही. गर्दीशी संबंध जुळेना. पिल्लं मारली जात ती बाहेरचा नर टोळीचा ताबा घेई तेव्हा. पिल्लू मेलं आणि अंगावर पाजणं थांबलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती होते. माद्याही गप्प बसत नाहीत. अनेक नरांशी संग करून पिल्लाचा बाप कोण याचा घोळ त्या कायम ठेवतात. हर्डींचा प्रबंध १९७५ मध्ये पुरा झाला. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. पण आपण सोबत आणलेलं उत्तर टाकून द्यायची तयारी त्यांनी दाखवली नसती, तर वाद घालण्याजोगं काही हाती लागलंच नसतं.

आकडे आणि जनुकं

संख्याशास्त्राला घाबरणाऱ्यांनी या वाटेला जाताना विचार करावा. दोन समूहांमधलं अंतर मोजणारं संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचं सूत्र कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांवर काम करताना सुचलेल्या प्रश्नांतून आलं. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव १९४६ मध्ये केंब्रिजला गेले ते सुदानमधल्या जेबेल मोया इथल्या सांगाड्यांच्या मापांचं विश्लेषण करायला. इरावतीबाईंनीही महाराष्ट्रातल्या शरीरमापांचं पुस्तक १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांसोबत काढलं. जातीला जैविक एकक धरून मोजावं का, यावर आजचा विद्यार्थी त्यांच्याशीही भांडू शकतो. भांडावंच.

जनुकांच्या बाबतीत आपलं हवामान वैरी आहे. उष्णता आणि दमट माती डीएनए खाऊन टाकतात. हरयाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठहून अधिक नमुने तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय आराखडा त्यांतल्या एकाच स्त्रीचा. एका बाईवरून सिंधू संस्कृतीबद्दल किती बोलायचं? वर्तमानपत्री मथळे आणि मूळ लेख यांत इथे केवढं अंतर पडलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

कुणी जावं?

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग आणि डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग ही दोन मुख्य ठिकाणं. बाहेर दिल्ली, कोलकाता, चंडीगड इथले विभाग जुने आहेत. विज्ञानाची पदवी असली तर बरं. ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये, दोन वर्षांनंतर ४२ हजार. पीएच.डी.ला किमान तीन, नियमाने कमाल सहा वर्षं. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला जाता येतं; पाच ते सात वर्षं लागतात, पण शिकवण्याच्या बदल्यात शुल्क माफ होतं आणि पाठ्यवृत्ती मिळते. तिथली नुसती मास्टर्स बहुतेकदा स्वखर्चाची, म्हणून कर्ज काढण्याआधी हा फरक समजून घ्यावा. अर्ज करताना विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक पाहावा: त्याचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आता कुठे आहेत, आणि त्याच्याशी असहमत झालेल्यांचं काय झालं.

नोकऱ्या मोजक्या. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, विद्यापीठं, संग्रहालयं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्यातले प्रकल्प. झटपट कमाईची हमी हवी असेल त्याने दुसरी वाट धरावी. पण वंश, जात, ‘आपले मूळ लोक’ यांबद्दल दर आठवड्याला कुणीतरी छातीठोक दावा करत असतं. तो दावा कोणत्या हाडावर, किती नमुन्यांवर आणि कुणाच्या सोयीवर उभा आहे हे तपासू शकणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. ती वाढवायची तर अशा विभागांना जागा, प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ शिक्षक द्यावे लागतील.