चेहऱ्यावरचं ‘क’ जीवनसत्त्व : पुरावा काय सांगतो?

‘क’ जीवनसत्त्व त्वचेला लागतं, याबद्दल वाद नाही. ते नसेल तर कोलॅजनचे धागे पक्के होत नाहीत. स्कर्व्ही झालेल्या माणसाच्या जखमा भरत नाहीत, त्या त्यामुळेच. पण शरीराला लागतं म्हणून वरून चोळलं की झालं, असं थोडंच आहे? बाहेरचं बाहेर ठेवणं हेच तर त्वचेचं काम!

मग ते आत शिरतं कसं? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून २००१ साली उत्तर दिलं. द्रावण चांगलं आम्लधर्मी हवं, पीएच ३.५ पेक्षा कमी. आणि प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेलं, तर शोषण वाढत नाही. म्हणजे बाटलीवरचा आकडा मोठा म्हणून गुण मोठा, असं नाही.

आता माणसांवरचा पुरावा बघू. २००४ साली मेक्सिकोतल्या डॉक्टरांचा वांगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ स्त्रिया, १६ आठवडे. चेहऱ्याच्या एका बाजूला ५ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल, दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन. हायड्रोक्विनोनच्या बाजूला चांगला फरक वाटला सुमारे ९३ टक्के जणींना, ‘क’च्या बाजूला ६२.५ टक्के जणींना. पण त्रास? हायड्रोक्विनोनने सुमारे ६९ टक्के जणींना, ‘क’ने जेमतेम ६ टक्के, म्हणजे १६ जणींत एकीला. तेव्हा ‘क’ सौम्य आहे, पण जादू नाही. शिवाय १६ ही संख्या लहान आहे, आणि या सगळ्या जणी रोज सनस्क्रीनही लावत होत्या, हे विसरू नका.

तुम्ही विचाराल, मग लिंबू का नको? हिशेब करा. १०० मिलीलिटर लिंबाच्या रसात ‘क’ जीवनसत्त्व साधारण ४०-५० मिलिग्रॅम. १० टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्याच द्रवात १० ग्रॅम, म्हणजे दोनशे पटींहून जास्त. उलट लिंबाच्या, विशेषतः सालीतल्या, काही द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग उरतात. डाग घालवायला जावं आणि नवे पदरात पडावेत!

सीरम घेणारच असाल तर एवढं बघा: हवा, उजेड आणि उष्णता यांनी हे आम्ल खराब होतं. गडद रंगाची, घट्ट झाकणाची बाटली घ्या, द्रावण तपकिरी झालं तर टाकून द्या. वांग असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर ते सनस्क्रीनवर खर्च करा.