बर्फावरील हॉकी आणि आंतलीं वस्त्रें

अंगालगत सुती वस्त्र असावें, हा नियम आपल्या उष्ण हवेच्या अनुभवांतून निघाला आहे, आणि इकडे तो योग्यच आहे. परंतु आज आपल्या कित्येक कुटुंबांतील नातवंडें कॅनडांत वाढत असून तेथील मुलांप्रमाणें बर्फावरील हॉकी खेळूं लागलीं आहेत. थंडीच्या काळजीनें इकडून आजी जाड सुती बनियन धाडते, हें आम्हीं पाहिलें आहे. तिची माया खरी. निवड मात्र चुकीची.

या खेळांत थंडीपेक्षां घामच मोठा वैरी. बर्फ शून्याखालीं सुमारें ५ अंश असला, तरी खांदे, कोपरें व नडग्या यांवर जाड पॅड बांधल्यामुळें खेळाडू आंतून निथळतो. एका वेळीं जेमतेम मिनिटभर तो सर्व बळानिशीं खेळतो आणि दम घेण्यास बांकावर येतो. सुती कापड घाम पिऊन धरून ठेवतें. पाणी तर हवेच्या सुमारें २५ पट अधिक उष्णता वाहून नेतें. त्यामुळें बांकावर बसतांच तीच ऊबदार बनियन अंगावर गार पडते, आणि पॅडखालीं घासून कातडी सोलवटते.

म्हणून अंगाबरोबर बसणारा, पातळ, लांब बाह्यांचा पॉलिएस्टरचा सदरा व तशीच विजार घ्यावी. हा धागा पाणी फारसें शोषीत नाहीं. घाम कापडावर पसरून लवकर वाळतो. मेरिनो मेंढीची बारीक लोकरही उत्तम. वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी बाष्परूप आर्द्रता घेऊनही ती ओली लागत नाहीं व तिला दुर्गंधी लवकर येत नाहीं. सोवळ्यांत धाबळी नेसलेल्या आजींस लोकरीचा हा मोठेपणा नवा वाटूं नये! पायांत एकच पातळ मोजा असावा. जाड मोज्यानें बूट नीट बसत नाहीं. नाजूक भागाचें कवच बसविण्याची सोय असलेली विजार मुलांची व मुलींची निरनिराळी मिळते. ती संकोच न करितां घ्यावी.

दुसरी गोष्ट जिवाचीच आहे. बुटाखालचें पातें धारदार असतें. १३ फेब्रुवारी २०१३ रोजीं एरिक कार्लसन या नामांकित खेळाडूची टाचेमागील कंडरा अशा पात्यानें कापली गेली. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं इंग्लंडांत शेफील्ड येथें ॲडम जॉन्सन हा खेळाडू गळ्यास पातें लागून मरण पावला. यास्तव गळपट्टा, आणि मनगटें व पोटऱ्या झांकणारीं केव्लारसारख्या चिवट धाग्यांचीं वस्त्रें वापरावीं. तीं कापलींच जात नाहींत असें नव्हे. पण घाव उथळ राहण्याचा संभव वाढतो.

खेळ संपतांच हे कपडे पिशवींतून काढून धुवावे. ओलसर राहिल्यास त्यांत जंतु वाढून त्वचेचे विकार जडतात. कापड मऊ करणारें द्रव मात्र घालूं नये, त्यानें घाम पसरविण्याचा गुण मंदावतो.

आजींनीं सुती बनियन नातू उन्हाळ्यांत घरीं येईल तेव्हांकरितां राखून ठेवावी. आणि हिवाळ्यांत त्याच्याशीं बोलतांना प्रथम एवढेंच विचारावें, ‘‘गळपट्टा बांधलास ना रे?’’