पहिल्या नेमणुकीची वाट : रुग्णालयीन आहारशास्त्राच्या सहा दशकांचा मागोवा

दाखल झालेल्या रुग्णाने काय खावे हे ठरवणारी, ठरलेले अन्न स्वयंपाकघरात तसेच शिजते आणि खाटेपर्यंत तसेच पोचते यावर लक्ष ठेवणारी, आणि घरी जाताना त्याला पथ्याचा कागद समजावून देणारी व्यक्ती म्हणजे रुग्णालयीन आहारतज्ज्ञ. या व्यवसायाचे शिक्षण भारतात जुने आहे आणि त्यामागचे संशोधन त्याहूनही जुने आहे. परंतु पदवी घेऊन बाहेर पडलेल्या उमेदवाराला रुग्णालयात पहिली नेमणूक कोणत्या पदनामाने, कोणत्या वेतनावर आणि कोणाच्या हाताखाली मिळावी, या साध्या प्रश्नाचे निश्चित उत्तर गेल्या सहा दशकांत तयार झालेले दिसत नाही. याचे कारण उमेदवारांच्या तयारीत शोधण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. इतिहास पाहता ते कारण पदांच्या रचनेत आहे.

भारतीय आहारसंशोधनाचा आरंभ रुग्णालयाच्या वॉर्डात झाला नाही. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले. त्यातून वाढलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुख वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. ही संस्था १९५८ साली हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिने किती, हे पाहण्यासाठी आजची प्रशिक्षणार्थी जे पुस्तक उघडते ते याच परंपरेतले आहे. त्याची पूर्णपणे नव्याने केलेली आवृत्ती २०१७ साली आली. मात्र या संशोधनासमोर रोगी कमी आणि लोकसमूह अधिक होता. दुष्काळ, शिधावाटप, तुरुंग, शाळा आणि मजुरांची वस्ती हे त्याचे विषय होते. त्यामुळे देशाला पोषणाचे शास्त्र मिळाले, तरी एका खाटेवरच्या एका रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी कोणाची, हे ठरले नाही.

ती जबाबदारी व्यवहारात परिचारिका विभागाकडे राहिली. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत आहाराचे ठरीव प्रकार असत : पूर्ण आहार, हलका आहार, दुधाचा आहार, द्रव आहार. डॉक्टरने केसपेपरवर एक शब्द लिहायचा, सिस्टरने वॉर्डातल्या संख्येप्रमाणे मागणी पाठवायची आणि स्वयंपाकघराने भांडी भरून द्यायची, अशी ही साखळी होती. तिच्यात आहारतज्ज्ञाला जागा मिळाली ती बहुधा स्वयंपाकघराची देखरेख करणारी म्हणून, म्हणजे धान्यसाठ्याची नोंद, कंत्राटदाराचे बिल आणि दुधाची प्रत पाहण्यासाठी. ही कामे कमी महत्त्वाची होती असे मुळीच नाही, परंतु त्यांच्यासाठी एका रुग्णालयाला एकच माणूस पुरे असे मानले गेले आणि त्या एका पदाखाली कनिष्ठ पदांची पायरी बांधली गेली नाही.

शिक्षणाची बाजू याच काळात झपाट्याने वाढत होती. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ पासून गृहविज्ञान शिकवत होते. मुंबईत निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय आणि महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे, म्हणजे एसएनडीटीचे, गृहविज्ञान महाविद्यालय यांनी आहारशास्त्राच्या अनेक पिढ्या घडवल्या. गृहविज्ञानाच्या छत्राखाली वाढल्याचा या विषयाला लाभ झाला तसा तोटाही झाला. मुलींना विज्ञानाचे शिक्षण घेण्याची घरातून सहज परवानगी मिळाली, हा लाभ. आणि हे काम ‘घरचेच, जरा मोठ्या प्रमाणावर’ असे रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी धरून चालणे, हा तोटा. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली आला आणि औषधनिर्मात्यांसाठीचा कायदा १९४८ साली. औषध देणारी व्यक्ती नोंदणीकृत असलीच पाहिजे, असे बंधन आल्यामुळे औषधनिर्मात्याची पहिली नोकरी कायद्यानेच निर्माण केली. आहारतज्ज्ञाच्या बाबतीत असे बंधन पुढील सात दशके नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न व्यवसायाने स्वतः केला. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही संघटना १९६३ साली उभी राहिली आणि पुढे तिने ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही परीक्षेवर आधारलेली नोंदणी सुरू केली. या नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षणासोबत रुग्णालयातील सहा महिन्यांची अंतर्वासिता, म्हणजे प्रत्यक्ष कामातून घ्यायचे पर्यवेक्षित प्रशिक्षण, हा मार्ग रूढ झाला. या सहा महिन्यांकडे बारकाईने पाहिल्याखेरीज पहिल्या नोकरीचा प्रश्न नीट समजत नाही. अंतर्वासितेतली मुलगी सकाळी वॉर्डांची खाटानिहाय यादी करते, रात्रीतून कोणाचा आहार बदलला ते केसपेपरवरून टिपते आणि नवीन रुग्णांची उंची, वजन, भूक, गेल्या काही महिन्यांत घटलेले वजन व खाण्याच्या सवयी विचारते. नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे अन्न, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत ‘आरटी फीड’, घेणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी किती मिलिलिटर द्यायचे याचे गणितही तीच मांडते. मूत्रपिंडाच्या रुग्णाची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून आणि ते पाणी टाकून केली आहे ना, म्हणजे त्यातले पोटॅशियम कमी झाले आहे ना, हे ती ताट निघण्यापूर्वी पाहते. शिवाय एकादशीला मधुमेहाच्या आजींना साबुदाण्याऐवजी काय चालेल हेही तिलाच सुचवावे लागते, आणि हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नाहून अवघड असतो.

वर सांगितलेले हे काम म्हणजेच प्रवेशस्तरावरचे काम होय. ते रुग्णालयाला रोज लागते आणि त्याशिवाय वरिष्ठ आहारतज्ज्ञाचा दिवस पुरा होत नाही. परंतु अनेक ठिकाणी ते दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या प्रशिक्षणार्थींकडून, विनावेतन किंवा नाममात्र विद्यावेतनावर करून घेतले गेले, आणि ज्या रुग्णालयाला हे काम शिकाऊ मनुष्यबळातून अखंड मिळते त्याला कनिष्ठ पद मंजूर करण्याची निकड उरत नाही. प्रशिक्षणाची व्यवस्था अशा रीतीने नोकरीला पर्याय बनली. जाहिरातींतली ‘एक ते दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही अट आणि अंतर्वासितेला अनुभव न मानण्याची प्रथा एकत्र आल्या की नव्या उमेदवाराची कोंडी पूर्ण होते.

खासगी रुग्णालयांनी ही कोंडी काही अंशी फोडली. चेन्नईत १९८३ साली अपोलो रुग्णालय सुरू झाल्यानंतर कंपनी स्वरूपाच्या रुग्णालयांचा विस्तार झाला. तेथे जेवण हा रुग्णाच्या समाधानाचा, म्हणून व्यवसायाचाही, भाग ठरला. याहून मोठा बदल २००५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत स्थापन झालेल्या एनएबीएच या रुग्णालय मानांकन मंडळाने घडवला. मानांकन म्हणजे सेवा ठरलेल्या निकषांप्रमाणे दिली जाते याची बाह्य तपासणीनंतर मिळणारी मान्यता. या निकषांत रुग्णाची पोषणविषयक चाचपणी आणि तिची लेखी नोंद यांचा समावेश असल्याने, आतापर्यंत तोंडी चालणारे काम कागदावर आले आणि कागद भरायला माणसे लागू लागली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांत ‘ज्युनिअर डाएटिशियन’, ‘डाएट ट्रेनी’ अशी पदनामे दिसू लागली. तपासणीच्या भीतीने निर्माण झालेली पदे ही काही आदर्श सुरुवात नव्हे. तरीही या व्यवसायाला वॉर्डाच्या फेरीत डॉक्टरांसोबत उभे राहण्याचा हक्क बऱ्याच अंशी याच निकषांनी मिळवून दिला.

सरकारी क्षेत्रात वाट उघडली ती कुपोषणामुळे. मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात महाराष्ट्र हादरला, २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आणि देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आणि २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पोषण पुनर्वसन केंद्रांना निश्चित रूप दिले. अतितीव्र कुपोषित बालकाला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेल्या, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणाऱ्या किंवा दोन्ही पायांवर सूज असलेल्या बालकाला, येथे दाखल करून आधी १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरींचा आणि प्रकृती स्थिरावल्यावर १०० कॅलरींचा आहार मोजून दिला जातो. या केंद्रांच्या मनुष्यबळात पोषण समुपदेशकाचे पद घालण्यात आले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या पदवीधरांना थेट मुलाखतीतून शिरकाव मिळाला. बालकाच्या आईला घरचा आहार शिकवण्याचे हे काम शहरी रुग्णालयातल्या कोणत्याही प्रशिक्षणाच्या तोडीचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण ही पदे कंत्राटी होती. ‘आकृतिबंध’ म्हणजे एखाद्या कार्यालयात कायमस्वरूपी मंजूर असलेल्या पदांची यादी. अभियानातली पदे या यादीबाहेर, ठरावीक महिन्यांच्या करारावर आणि एकत्रित मानधनावर भरली जात. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत जिल्हा रुग्णालयासाठी आहारतज्ज्ञ दाखवलेला असला, तरी मानक ही शिफारस असते, मंजुरी नसते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा निर्णय घेतला, त्यावरून पहिल्या नेमणुकीचे रूपांतर नोकरीत व्हायला किती काळ लागतो याचा अंदाज येतो.

दरम्यान, आहारसल्लागार ऋजुता दिवेकर यांच्या वजन घटवण्याविषयीच्या २००९ मधील गाजलेल्या पुस्तकानंतर, आणि पुढील दशकातल्या मोबाइल अ‍ॅपांमुळे, आहारसल्ल्याची रुग्णालयाबाहेरची बाजारपेठ मोठी झाली. वजन कमी करण्याचा सल्ला देणारे लवकर कमावू लागले आणि अतिदक्षता विभागात नळीच्या आहाराचे गणित करणारे मागे राहिले.

संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञाला अखेर वैधानिक ओळख दिली. ‘पोषणशास्त्र व्यावसायिक’ हा स्वतंत्र वर्ग त्यात आहे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांच्या शिक्षणाची अट आहे. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. या कायद्यामुळे कोणी स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवावे हे ठरेल. किती खाटांमागे किती आहारतज्ज्ञ नेमावेत हे ठरवणारा आकृतिबंध मात्र राज्यांच्या आरोग्य विभागांनी आणि रुग्णालयांनीच करावयाचा आहे, आणि तो झाल्याखेरीज नोंदणीपट वाढून पहिल्या नेमणुका वाढणार नाहीत.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आताच ध्यानात घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली असून त्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि उपचारात्मक आहारशास्त्र यांचा समावेश आहे. म्हणून महाविद्यालय निवडताना अभ्यासक्रमाचे तास किती, अंतर्वासिता कोणत्या रुग्णालयात व विद्यावेतनासह आहे का, आणि तिचे प्रमाणपत्र अनुभव म्हणून धरले जाते का, हे तीन प्रश्न प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारावेत.