करडांमधील गलगंड आणि विषारी वनस्पती

करडांमधील गलगंड हा आयोडीनच्या कमतरतेमुळे किंवा चाऱ्यातील गलगंडकारक द्रव्यांमुळे होणारा विकार आहे. यात गळ्यातील अवटू ग्रंथी सुजते. गाभण शेळीला पुरेसे आयोडीन न मिळाल्यास करडे मृत, अशक्त किंवा केसविरहित जन्मतात.

कारणे

अवटू ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. अतिवृष्टीच्या प्रदेशात जमिनीतील आयोडीन वाहून जाते व चाऱ्यात त्याचे प्रमाण घटते. काही वनस्पती ही कमतरता वाढवतात.

* ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. जास्त मात्रेने जनावर दगावते. अल्प मात्रेपासून शरीरात थायोसायनेट बनते व ते ग्रंथीत आयोडीन शिरू देत नाही. अशा वेळी आहारातील आयोडीन वाढवल्यास उपयोग होतो.
* कोबीवर्गीय भाज्यांतील काही द्रव्ये तसेच सुबाभळीतील मिमोसिनपासून बनणारे द्रव्य संप्रेरकाच्या निर्मितीतच अडथळा आणतात. तेथे केवळ आयोडीन पुरत नाही. चाराच बदलावा लागतो.

हवाई बेटांवरील शेळ्या सुबाभूळ खाऊनही आजारी पडत नाहीत, असे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना आढळले. त्यांच्या कोठीपोटातील जिवाणू हे विष नष्ट करतात. त्यांपैकी एकास सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव देण्यात आले.

उत्तर कोकणातील स्थिती

ठाणे जिल्ह्यातील आंबिवली परिसर उल्हास व काळू नद्यांच्या खोऱ्यात असून तेथे जून ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडतो. कोकणातील माळरानांवर व डोंगरउतारांवर घाणेरी (टणटणी) सर्वत्र आढळते. तिच्यातील लँटाडीन यकृतास इजा करते. त्यामुळे कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. कुंपणास लावलेल्या कण्हेरीची थोडी पानेही हृदयक्रिया बंद पाडू शकतात. शहरालगत शेळ्यांना मंडईतील कोबी व फ्लॉवरचा पाला घातल्यास गलगंडाचा धोका वाढतो.

निदान

गळ्याची प्रत्येक सूज गलगंड नसते. भरपूर दूध पिणाऱ्या निरोगी करडांच्या गळ्यात बाल्यग्रंथीची सूज दिसते व ती वाढत्या वयात आपोआप ओसरते. जबड्याखालील मऊ, पाणीदार सूज आणि फिकट पापण्या ही बहुधा जंतबाधेची लक्षणे असतात.

प्रतिबंध

शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, म्हणून प्रतिबंध गाभण शेळीपासून सुरू करावा लागतो. चाऱ्याच्या प्रतिकिलो शुष्क भागात सुमारे ०.५ मिलिग्रॅम, तर दुभत्या शेळीस ०.८ मिलिग्रॅम आयोडीन आवश्यक मानले जाते. आयोडीनयुक्त खनिज मिश्रण किंवा चाटण वीट ही सोपी साधने आहेत. अतिरिक्त आयोडीनही विषारी असल्याने औषधाची मात्रा पशुवैद्यकाने ठरवणे इष्ट असते.

भुकेली जनावरे एरवी टाळलेला पालाही खातात. म्हणून चरण्यास सोडण्यापूर्वी करडांना सुका चारा देतात, घाणेरी फुलण्यापूर्वी मुळासकट उपटतात आणि छाटलेली कण्हेर गोठ्यापासून दूर टाकतात. घाणेरीची बाधा झालेल्या करडास सावलीत ठेवून तातडीने पशुवैद्यकीय उपचार देणे आवश्यक असते.