सातबारा उघडा, नंबर झाकलेला

शिळफाट्याच्या आसपास ज्यांची जमीन आहे, त्यांना अनोळखी दलालांचे फोन येतात. नाव महाभूलेखवरच्या सातबाऱ्यात दिसतं. खरेदीखताच्या इंडेक्स-२ मध्ये वय आणि पत्ताही असतो. मालकी कुणालाही तपासता यावी म्हणून हे उघडं आहे, आणि ते तसंच असायला हवं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही कायद्यानेच जाहीर झालेल्या अशा माहितीला लागू होत नाही. सातबाऱ्यावर फोन नंबर मात्र नसतो. तो जोडला गेला की माणूस हाती लागतो, म्हणून जपायचा तो नंबर.

ट्रूकॉलरवरून तो काढता येतो. ॲपमधलं खातं आधी बंद करा, मग त्यांच्या संकेतस्थळावरच्या ‘अनलिस्ट’ पानावर +९१ सह नंबर भरा. नंबर गूगलच्या शोधात दिसत असेल तर तो काढायची विनंती करता येते, पण गूगलने ती मान्य केली तरी फक्त शोधातला दुवा जातो. मूळ पान हटवायला त्या संकेतस्थळालाच लिहावं लागतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती झेरॉक्सच्या दुकानाची. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर जाते, आपण प्रिंट घेऊन निघतो आणि फाइल तिथेच राहते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘मास्क्ड आधार’ मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे चालेल तिथे तेच द्या. प्रिंट निघाली की फाइल समोरच पुसून घ्या, सांगायला संकोच करू नका. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.