सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत : ऊर्जाबचतीचे नियोजन

प्रस्तावना

ग्रंथालयाच्या इमारतीचा आराखडा पाहताना एक पेच आधी लक्षात घ्या. वाचकाला भरपूर उजेड हवा असतो. पुस्तकाला मात्र तोच मारक ठरतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. वाचक कोठे बसतील आणि पुस्तके कोठे राहतील, हे आराखड्यातच ठरले नाही, तर पुढे पडदे, दिवे आणि वातानुकूलन यांवर कायमचा खर्च होतो. विजेचे बिल वाढले की लहान ग्रंथालयात कात्री लागते ती ग्रंथखरेदीला.

1. दिशा

उत्तरेचा उजेड सौम्य आणि दिवसभर जवळपास सारखा असतो. म्हणून वाचनकक्ष उत्तरेला ठेवावा. दक्षिणेकडील खिडक्यांना आडवे छज्जे पुरतात, कारण दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते आणि छज्जाखालून आत शिरते. त्या बाजूला जिना व स्वच्छतागृहे ठेवल्यास तीच उष्णता अडवतात.

2. ग्रंथसंग्रह

पुस्तकांची कपाटे बाहेरच्या भिंतींना टेकवू नयेत. भिंतीतील ओल पुस्तकांत उतरते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ 65 टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशी धरते. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, हा प्रकारही घातक आहे, कारण आर्द्रतेतील चढउतारांमुळे कागद आणि बांधणी ताणली जाते. म्हणून दुर्मिळ ग्रंथांसाठी लहान, उष्णतारोधक खोली करून तेथील वातावरण सतत स्थिर ठेवावे. वाचनकक्षात समोरासमोर खिडक्या व पंखे बहुधा पुरतात.

3. दिवे

सगळे दालन उजळण्याऐवजी वाचनाच्या टेबलावर सुमारे 300 लक्स प्रकाश द्यावा. खिडकीलगतच्या दिव्यांची बटणे वेगळी ठेवावीत. कपाटांच्या रांगांत माणूस आल्यावरच लागणारे एलईडी दिवे बसवावेत.

4. नियम आणि व्यवहार

चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाला ‘लीड’ सुवर्ण मानांकन मिळाले आहे. परंतु 2017 ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मुख्यतः 100 किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. तालुक्याचे ग्रंथालय सहसा तिच्या कक्षेत येत नाही. तेथे हे प्रश्न वास्तुविशारदाला विचारण्याची जबाबदारी ग्रंथपालाचीच.

सारांश

दिशा, सावली आणि कक्षांची मांडणी आधी, यंत्रे नंतर. सौर पॅनेल पुढेही बसवता येतात, इमारतीचे तोंड मात्र फिरवता येत नाही.

स्वाध्याय

आपल्या ग्रंथालयाचा नकाशा काढा. दुपारी चार वाजता ऊन कोणत्या कपाटावर पडते, ते त्यावर दाखवा आणि उपाय सुचवा.